वजाबाकी नसलेलं झाड

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला: ६ ÷ २(१ + २) = किती? कुणी ९ म्हणालं, कुणी १, आणि दोघांनीही 'कंचेभागुबेव'चाच दाखला दिला. सोबतच्या 'नव्वद टक्के लोक चुकतात' या वाक्याला काडीचा आधार नाही, ते पुढे ढकलू नका. भांडण मात्र समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात शेताला वारसांची नावं लावायची तर वंशवृक्ष लागतो. मूळ पुरुष वर, खाली मुलं, त्यांच्याखाली नातवंडं. सिमपायसारखी बीजगणित करणारी संगणकप्रणाली प्रत्येक राशी अशीच साठवते: क्रिया वर, ती ज्यांच्यावर करायची ते खाली, अगदी टोकाला आकडे आणि चल. कोड्यात मूळ पुरुष गुणाकार धरला, त्याची मुलं ६ ÷ २ आणि १ + २, तर उत्तर ९. मूळ पुरुष भागाकार, मुलं ६ आणि २(१ + २), तर १. हिशेब दोन्ही बरोबर, ओळच संदिग्ध. झाडात कंस लागतच नाहीत. कोण कुणाच्या पोटी, हे ठरलेलं असतं.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. सिमपायच्या झाडात वजाबाकीच नाही! क्ष − य लिहा, आत बेरीज दिसेल: एक मूल क्ष, दुसरं गुणाकार, आणि त्या गुणाकाराची मुलं −१ व य. भागाकारही नाही, क्ष ÷ य म्हणजे क्ष गुणिले य चा −१ वा घात. वर्गमूळ म्हणजे १/२ वा घात. बेरजेची मुलं कशीही उभी केली तरी चालतात, म्हणून प्रणाली त्यांना एका ठरलेल्या क्रमात लावते आणि क्ष + य, य + क्ष एकच झाड होतं. क्रियाच कमी, त्यामुळे नियमही कमी लागतात. विकलन (डिफरन्सिएशन) करताना प्रत्येक फांदी आपल्या मुलांचं विकलन मागवते, तीही त्यांच्या मुलांचं. टोकाला क्ष असेल तर १, आकडा असेल तर ०, आणि उत्तरं जुळत जुळत वर येतात.

हल्ली याला एआयची जादू म्हणतात, पण हे नवं नाही. जेम्स स्लेगल यांचा एमआयटीतला 'सेंट' हा प्रोग्राम १९६१ मध्येच कॉलेजच्या पहिल्या वर्षाची संकलनं (इंटिग्रेशन) सोडवत होता.

तरी (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ समान आहेत का, असं सिमपायला == (दोन झाडं हुबेहूब एकच आहेत का, हे पाहणारी खूण) लिहून विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. एकाचा मूळ पुरुष घात, दुसऱ्याचा बेरीज. विस्तार करायला सांगितलं की झाडं जुळतात. पण साइन, घातांकी फल, निरपेक्ष मूल्य असं सगळं एकत्र आलं, की राशी सगळीकडे शून्यच आहे का हे दरवेळी ठरवून देणारी पद्धत असूच शकत नाही, हे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं.