चॅटवे, सर ख्रिस्तोफर

(३१ जानेवारी १९३१ – १९ जानेवारी २०१४). ब्रिटिश धावपटू, वृत्तनिवेदक, हुजूर पक्षाचे खासदार व मंत्री. रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल धावले तेव्हा त्यांना वेग धरून देणारा सहकारी, एवढीच चॅटवे यांची ओळख बहुतेक ठिकाणी दिली जाते. ती फार अपुरी आहे. ब्रिटनमधील प्रसारणावरची बीबीसीची मक्तेदारी आधी दूरचित्रवाणीत आणि नंतर रेडिओत मोडली. पहिल्या वेळी चॅटवे कॅमेऱ्यासमोर होते, दुसऱ्या वेळी मंत्रिपदावर.

जन्म लंडनचा, शिक्षण ऑक्सफर्ड विद्यापीठात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरच्या अखेरच्या वळणावर ते अडखळून पडले, तरी उठून पाचवे आले. ६ मे १९५४ रोजी बॅनिस्टर यांच्या शर्यतीत पहिला टप्पा ख्रिस ब्रॅशर यांनी ओढला आणि पुढचा चॅटवे यांनी. त्याच वर्षी बर्नच्या युरोपीय स्पर्धेत ५,००० मीटरच्या शर्यतीत चॅटवे आणि चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक एकमेकांवर नजर ठेवून राहिले, तेवढ्यात सोव्हिएत संघाचे व्लादिमीर कुट्स निसटले ते निसटलेच. १३ ऑक्टोबरला लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर चॅटवे यांनी ती चूक पुन्हा होऊ दिली नाही. कुट्स मध्येच वेग वाढवत, मध्येच कमी करत. चॅटवे प्रत्येक झटक्याला त्यांच्या पाठीशी चिकटून राहिले आणि शेवटच्या काही पावलांत पुढे गेले. वेळ १३ मिनिटे ५१.६ सेकंद, ५,००० मीटरचा नवा जागतिक विक्रम. शर्यत दूरचित्रवाणीवर थेट दिसली होती, त्यामुळे एका संध्याकाळीत हा चेहरा घरोघरी पोचला. बीबीसीचा वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटूचा पहिला पुरस्कारही बॅनिस्टर यांना नव्हे, त्यांना मिळाला.

व्यापारी दूरचित्रवाणी २२ सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली, तेव्हा तिला बातम्या पुरवणाऱ्या आयटीएन या संस्थेच्या पहिल्या वृत्तनिवेदकांत रॉबिन डे यांच्याबरोबर चॅटवे होते. बीबीसीचे निवेदक त्या महिन्यापर्यंत पडद्यावर दिसतही नसत. आयटीएनचा निवेदक नावानिशी समोर येई आणि बातमीच्या मजकुरावर स्वतःचा हात फिरवी. १९५६ मध्ये चॅटवे बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या चालू घडामोडींच्या कार्यक्रमात गेले. १९५८ साली तिघा सहकाऱ्यांसह त्यांनी जागतिक निर्वासित वर्षाची कल्पना मांडली. संयुक्त राष्ट्रांनी ती उचलली आणि १९६० मध्ये चौघांना निर्वासितांसाठीच्या कार्याबद्दल दिले जाणारे नान्सेन पदक मिळाले.

१९५९ मध्ये लुइशम नॉर्थमधून ते खासदार झाले. १९६२–६४ दरम्यान शिक्षण खात्यात उपमंत्री, १९६६ मध्ये पराभव, १९६९ च्या पोटनिवडणुकीत चिचेस्टरमधून पुन्हा संसदेत. एडवर्ड हीथ यांच्या सरकारात जून १९७० मध्ये त्यांच्याकडे टपाल व दूरसंचार खाते आले. समुद्रात जहाजे उभी करून संगीत ऐकवणाऱ्या केंद्रांना १९६७ च्या कायद्याने चाप लावला होता. पण श्रोत्यांची भूक त्याने मिटली नव्हती. जमिनीवर मात्र बीबीसीखेरीज दुसरा रेडिओ नव्हता. मार्च १९७१ च्या श्वेतपत्रिकेत चॅटवे यांनी जाहिरातींवर चालणाऱ्या स्थानिक केंद्रांची योजना मांडली, पण त्यांना मोकाट सोडले नाही. दूरचित्रवाणीवर देखरेख करणारे प्राधिकरणच रेडिओवरही नेमायचे ठरवले. एकेकाळी बातम्या देणाऱ्या माणसाने बाजार आणि नियम यांची अशी सांगड घालावी, यातच त्यांची समज दिसते. श्रोत्यांना केवळ रेडिओसाठी घ्यावा लागणारा परवानाही त्यांच्याच काळात रद्द झाला, आणि जानेवारी १९७२ मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रसारण-तासांवरची मर्यादा त्यांनी उठवली.

एप्रिल १९७२ मध्ये त्यांना औद्योगिक विकास खात्यात हलवले गेले. त्यांच्या रेडिओ-योजनेला कायद्याचे रूप देणारा ध्वनिप्रसारण कायदा जूनमध्ये संमत झाला तेव्हा टपाल व दूरसंचार खाते त्यांच्याकडे नव्हते. ऑक्टोबर १९७३ मध्ये एलबीसी आणि कॅपिटल रेडिओ ही लंडनची व्यापारी केंद्रे सुरू झाली ते मात्र त्याच कायद्याखाली.

ऑक्टोबर १९७४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी संसद सोडली व बँकिंग क्षेत्रात प्रवेश केला. १९९१ ते १९९६ ते नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. १९९५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.