अमेरिकेत कॉलेजचा अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचंय? बीपीटीवाल्यांचे (फिजिओथेरपीची डिग्री घेतलेल्यांचे) अर्ज नेमके कुठे अडकतात

अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला ट्रेनर नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. कॉलेजच्या टीमबरोबर मैदानाच्या कडेला उभा असतो, खेळाडू पडला की पहिला धावतो, डोक्याला मार लागलाय का बघतो आणि मग पुढचे कित्येक आठवडे त्याचं रिहॅब करून घेतो, तो हा माणूस. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्येच याला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिलीय. त्यामुळे एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात, फिटनेस फिटनेस लिहू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं की मुलाला कामच माहीत नाही.

आता पात्रता. बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची म्हणजे बीओसीची परीक्षा पास व्हावी लागते, आणि त्या परीक्षेला बसायला सीएएटीई (अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या कोर्सेसना मान्यता देणारी अमेरिकन संस्था) मान्यता असलेल्या प्रोग्रामची डिग्री लागते. आयर्लंड, यूके अशा मोजक्या देशांतल्या संस्थांशी बीओसीची वेगळी व्यवस्था आहे, भारताशी नाही. म्हणजे बीपीटी, त्यावर एमपीटी (फिजिओथेरपीतलं मास्टर्स) आणि वर पाच वर्षांचा अनुभव असला तरी थेट परीक्षा देता येत नाही, तिकडे जाऊन साधारण दोन वर्षांचं मास्टर्स करावंच लागतं. जुन्या वेबसाइटवर अजून चार वर्षांच्या बॅचलर्सची माहिती सापडते, ती सोडून द्या, २०२२ च्या फॉलनंतर (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सत्रानंतर) त्यात नवीन प्रवेशच बंद झालेत.

खरी गोची प्रीरिक्विझिटची, म्हणजे प्रवेशाआधीच झालेले असायला लागणाऱ्या विषयांची. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी हे सगळे विषय बारावीनंतरच्या शिक्षणात झालेले लागतात. आपली मुलं म्हणतात बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री होतं की! ते धरत नाहीत. बीपीटीत अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी भरपूर, पण केमिस्ट्री-फिजिक्स नावाचा वेगळा पेपर मार्कशीटवर दिसत नाही आणि अर्ज तिथेच बाजूला पडतो. म्हणून फी भरायच्या आधी सिलॅबसची कॉलेजचा शिक्का असलेली कॉपी प्रोग्राम डायरेक्टरला मेल करा आणि बायोकेमिस्ट्री, इलेक्ट्रोथेरपीतला फिजिक्सचा भाग चालेल का ते लेखी विचारून घ्या. फोनवरचं हो नंतर कोणाला आठवत नाही.

दुसरं, ऑब्झर्वेशन अवर्स. बरेच प्रोग्राम सर्टिफाइड अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या हाताखाली घालवलेल्या तासांवर सही मागतात. पुण्या-मुंबईत असा माणूस आणायचा कुठून? फिजिओची सही बहुतेक ठिकाणी चालत नाही, मग मुलं घाबरून काहीतरी भरतात आणि अडकतात. कृपा करून असं करू नका. ही अट त्या त्या कॉलेजची स्वतःची असते, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांना सूट आहे का ते सरळ विचारा, आणि नसेल तर दुसरा प्रोग्राम बघा.

डेडलाइन नीट वाचा, हे हात जोडून सांगते. कुठे त्या तारखेला अर्ज सबमिट झालेला चालतो, कुठे ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाकडून येणारी अधिकृत मार्कशीट) आणि इव्हॅल्युएशन (आपल्या डिग्रीची अमेरिकन पद्धतीशी केलेली तुलना) पोचून अर्ज व्हेरिफाय झालेला लागतो, यात काही आठवड्यांचा फरक पडतो. शिवाय बरेच प्रोग्राम ऑगस्टला नाही, मे-जूनलाच सुरू होतात, त्यामुळे व्हिसाला आपण धरतो त्यापेक्षा कमी वेळ उरतो. नाशिकला आरोग्य विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सगळ्यात आधी टाका. शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा वगैरे नेहमीसारखंच.

परीक्षा पास झाली की लगेच काम सुरू, असंही नाही. जवळपास प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन लागतं. कॅलिफोर्नियात तसा कायदा नाही, पण तिथली कॉलेजंही बीओसी मागतातच. बाकी राज्यांत ऑफर लेटर हातात असलं, कोच घाई करत असला, तरी राज्याचा कागद येईपर्यंत खेळाडूला टेपसुद्धा लावू नका.