रॉक बँड : चिरकीर्ती आणि प्रभाव

विजेवर वाजणारी गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायन यांच्या मेळातून, बहुधा स्वतःच रचलेली गाणी सादर करणाऱ्या चार-पाच जणांच्या संचाला रॉक बँड म्हणतात. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड किंवा मिरवणुकीतली बँजो पार्टी येथे अभिप्रेत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व ब्रिटनमध्ये असे असंख्य संच निघाले आणि मोडले. त्यांतल्या काहींचे संगीत संच मोडल्यावरही ऐकले जाते, ही त्यांची चिरकीर्ती. त्याहून थोड्यांचे संगीत पुढच्या पिढीतल्या वादकांच्या हातात उतरते, हा त्यांचा प्रभाव. खप, पारितोषिके आणि प्रेक्षकांची गर्दी यांवरून कीर्ती मोजण्याची रीत जुनी आहे. मात्र दीर्घ काळाचा हिशेब पाहिला तर ज्यांचे संगीत इतरांना उचलता आले आणि संगीताबरोबर ज्यांचे नावही पुढे गेले, तेच संच टिकले असे मानणारे मत अधिक पटण्याजोगे आहे.

उगम : रॉक अँड रोल हे रॉकचे आरंभीचे रूप. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका कोणती, यावर एकमत नाही. सिस्टर रोझेटा थार्प यांनी १९४४ मध्ये मुद्रित केलेले एक भक्तिगीत, रॉय ब्राउन यांचे १९४७ चे आणि वायनोनी हॅरिस यांनी लगोलग पुन्हा गायलेले गीत, फॅट्स डॉमिनो यांची न्यू ऑर्लिन्स येथे १९४९ च्या अखेरीस झालेली मुद्रिका, असे अनेक दावे मांडले जातात. सर्वांत जास्त चर्चा होते ती मार्च १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गीताची. त्यातल्या गिटारचा आवाज फाटका, घरघरता आहे. स्टुडिओकडे येताना अँप्लिफायर बिघडला होता. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला, याविषयीच्या हकिकती जुळत नाहीत. फाटलेल्या स्पीकरला कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगितले जाते. पुढे रॉकची ओळख ठरलेला नाद अशा अपघाताने आला, ही हकिकत आकर्षक आहे. पण तशा नादाची गिटार ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारातल्या त्याआधीच्या काही मुद्रिकांतही आढळते, त्यामुळे ‘पहिली’ हे बिरुद सावधपणेच वापरावे. बिल हेली यांची १९५४ मधील मुद्रिका जगभर गाजली, तरी ती आरंभ नसून कृष्णवर्णीय वादकांनी आधीच घडवलेल्या शैलीचा प्रसार होय, याकडे अलीकडच्या अभ्यासकांचा कल दिसतो.

‘रॉकेट ८८’ च्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाजवणारा संच आइक टर्नर यांचा होता. तबकडीवर मात्र गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचे नाव आले, आणि संचाचे म्हणून जे नाव छापले गेले तेही टर्नर यांचे नव्हते. श्रेय कोणाच्या नावावर जाते, हा रॉकच्या इतिहासातला सततचा वाद येथूनच सुरू झालेला दिसतो.

गायकामागे वाजवणारी मंडळी हे स्वरूप जाऊन ‘संच’ हेच कलावंताचे नाव होण्याची क्रिया १९५० नंतरच्या दशकात घडली. तिला तांत्रिक कारणही होते. फेंडर कंपनीची विजेवरची बेस गिटार १९५१ मध्ये बाजारात आली. तोवर माणसाच्या उंचीचा डबल बेस लागे आणि त्याचा आवाज ड्रमपुढे दबे. नव्या वाद्यामुळे चार माणसे मोठे सभागृह भरून टाकू लागली. पंधरा-वीस वादकांचा ताफा पोसण्याची गरज उरली नाही. टेक्सासमधील बडी हॉली आणि त्यांचा ‘क्रिकेट्स’ हा संच (१९५७) दोन गिटार, बेस आणि ड्रम या रचनेचा आद्य नमुना मानला जातो. त्यांचा बेस मात्र जुन्या पद्धतीचा, उभाच होता. हॉली ३ फेब्रुवारी १९५९ रोजी वयाच्या बाविसाव्या वर्षी विमान अपघातात गेले. लिव्हरपूलच्या तरुणांनी आपल्या संचाचे ‘बीटल्स’ हे नाव ‘क्रिकेट्स’वरूनच सुचल्याचे सांगितले आहे. क्लीव्हलंड येथे संग्रहालय असलेल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या सन्मानसंस्थेने हॉली यांना पहिल्याच वर्षी, १९८६ मध्ये, स्थान दिले. त्यांच्या साथीदारांना ते मिळायला २०१२ साल उजाडले. हा अन्याय नोंदवून ठेवला पाहिजे.

बीटल्स : चिरकीर्तीची चर्चा या संचाशिवाय पुरी होत नाही आणि त्याच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे मोजकेच पुरे. १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये ते रात्र-रात्र वाजवत, तेही बव्हंशी इतरांची गाणी. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी पाहिले. त्या रात्रीनंतर आपण गिटार हाती घेतली असे सांगणारे अमेरिकी वादक पुष्कळ आहेत, आणि प्रभावाचा खरा पुरावा हाच. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरे थांबवून स्टुडिओलाच वाद्य मानले. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा त्यातला वाटा मोठा. जॉर्ज हॅरिसन यांनी १९६५ मध्ये सतार वापरली आणि पुढे पंडित रविशंकर यांच्याकडे शिक्षण घेतले. संच १९७० मध्ये मोडला. जॉन लेनन यांच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीतला आवाज संगणकाच्या साहाय्याने वेगळा काढून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले.

खप आणि प्रभाव : न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या संचाची पहिली तबकडी मार्च १९६७ मध्ये निघाली आणि अमेरिकेच्या खपाच्या यादीत १७१ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. ती सुरुवातीला अवघ्या तीस हजारच विकली गेली, पण घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा बँड काढला, अशा आशयाचे विधान संगीतकार ब्रायन ईनो यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. त्याचा उगम १९८२ मधील एका मुलाखतीत असून तीस हजारांचा आकडा ईनो यांनी संचाचे गायक लू रीड यांच्या तोंडून ऐकला होता. पुढे उजेडात आलेल्या रॉयल्टीच्या हिशेबाप्रमाणे १९६९ च्या फेब्रुवारीपर्यंतच सुमारे ५८ हजार प्रती गेल्या होत्या. म्हणजे आकडा चुकीचा. विधानाचा रोख मात्र बरोबर आहे. या संगीताला फार मोठे वादनकौशल्य लागत नसे. दोन-तीन स्वरमेळ, एकसुरी ठेका आणि शहरातल्या उपेक्षित माणसांविषयीचे रोखठोक शब्द एवढ्या भांडवलावर नवख्यालाही सुरुवात करता येई. चेकोस्लोव्हाकियातील प्राग येथे १९६८ मध्ये स्थापन झालेला ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा संच त्यांची गाणी वाजवत असे. १९७६ मध्ये त्याच्या सदस्यांवर झालेल्या खटल्याने नाटककार व्हाक्लाव्ह हावेल आणि इतर लेखक एकत्र आले, आणि त्यातून ‘चार्टर ७७’ हा नागरी हक्कांचा जाहीरनामा निघाला. फारसा न खपलेल्या तबकडीचा माग एका देशाच्या राजकारणापर्यंत लागतो, असे दुसरे उदाहरण विरळा.

प्रभाव अनेकदा अडचणीतून घडलेल्या तंत्रातून येतो. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सबाथ’चे (स्थापना १९६८) गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. सतराव्या वर्षी यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून वाद्याचा स्वर दीड स्वरांतराने खाली उतरवला. १९७१ च्या त्यांच्या तबकडीत हा खर्जातला जड नाद स्पष्ट ऐकू येतो. हेवी मेटल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीने तो जवळजवळ नियम म्हणून स्वीकारला. मूळ अडचण नसलेल्या धडधाकट वादकांनीही वाद्य खाली उतरवावे, याहून प्रभावाची मोठी खूण कोणती?

उलट बाजूही आहे. ‘लेड झेपेलिन’ने (१९६८–१९८०) शिकागोच्या ब्लूज गीतकारांकडून पुष्कळ उचलले. त्यांपैकी विली डिक्सन यांनी दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर त्यांचे नाव श्रेयात आले. डिक्सन यांचा प्रभाव आधीपासून होता. कीर्ती मात्र न्यायालयाची पायरी चढल्यावर आली.

टिकण्याची साधने : ध्वनिमुद्रण हे पहिले साधन. ‘पिंक फ्लॉइड’ची मार्च १९७३ ची तबकडी १९८८ पर्यंत अमेरिकी यादीत एकूण ७४१ आठवडे राहिली. दुसरे साधन पुनरागमनाचे. ‘क्वीन’चा १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावरचा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम त्या संचाला नवे आयुष्य देऊन गेला. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेले पारशी फारोख बलसारा. त्यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणीला झाले आणि पहिला बँडही त्यांनी तिथल्या शाळेतच काढला. १९९१ मध्ये ते गेले, आणि पुढल्याच वर्षी त्यांचे १९७५ चे गीत एका विनोदी चित्रपटामुळे अमेरिकेच्या यादीत पुन्हा येऊन दुसऱ्या क्रमांकावर पोचले. अकाली मृत्यूने कीर्ती वाढते हा समज सरसकट खरा नाही. मागे पुनःपुन्हा वाजवण्याजोगे संगीत नसेल तर मृत्यूची बातमी लवकरच विरते.

भारतात सर्वांत बोलके उदाहरण कोलकात्याचे. १९७० नंतरच्या दशकात गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी स्थापलेल्या ‘मोहीनेर घोडागुली’ या संचाकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि १९८१ च्या सुमारास तो थांबला. १९९५ मध्ये नव्या पिढीच्या गायकांसह निघालेल्या संकलनानंतर तो बंगाली बँडसंगीताचा मूळपुरुष ठरला. मुंबईचा ‘रॉक मशीन’, पुढचा ‘इंडस क्रीड’, इंग्रजीत गात राहिला. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ लोकगीते आणि हिंदीकडे वळला. भाषेच्या दृष्टीने दुसरी वाट अधिक फळली असे दिसते.

मराठवाड्यात : छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे रॉक पोचला तो प्रामुख्याने कॅसेट, १९९० नंतरच्या उपग्रह वाहिन्या आणि कॉलेजची गॅदरिंग यांमधून. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे संच शेवटच्या वर्षाबरोबर पांगतात, त्यामुळे त्यांची गाणी बहुधा त्या आवारातच राहतात. संचाने गाण्याची या प्रदेशाची परंपरा मात्र फार जुनी आहे आणि कीर्तीच्या प्रश्नावर तिच्याकडे स्वतःचे उत्तर आहे.

गोंधळी संचात नायक, संबळ, तुणतुणे, झांज आणि दिवटी असते. तुळजापूरच्या भवानीशी नाते सांगणारे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेशी नाते सांगणारे रेणुराई अशा दोन परंपरा आहेत. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात येणारा गौंडली हा नृत्यप्रकार म्हणजेच आजच्या गोंधळाचे पूर्वरूप, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ते एका स्त्रीने करावयाचे दरबारी नृत्य असून देवीच्या विधीशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या काळातील भूतमातेच्या उत्सवाचे वर्णन लक्षात घेता विधी आणि दरबार यांच्यात देवघेव झाली असावी, हे मधले मत जास्त सयुक्तिक वाटते. परभणीचे राजारामभाऊ कदम यांनी हा विधी जसाच्या तसा ठेवून रंगमंचावर नेला, आणि त्यांचे नाव जिल्ह्याबाहेर पोचले.

या परंपरेत निर्मात्याचे नाव गाण्याच्या पोटातच असते. पैठणच्या एकनाथांची भारुडे सोळाव्या शतकापासून गावोगावची सोंगी मंडळे करीत आली आहेत. मंडळे बदलली, चाली बदलल्या, पण ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा शेवटी येतेच. तबकडीवरच्या नावावरून जे वाद रॉकमध्ये झाले, त्यांवर हा सहज सुचलेला आणि भक्कम उपाय आहे. आंबेडकरी जलशांनी तो जिवंत ठेवला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांतल्या गायन पार्ट्यांनी उचलली, आणि अखेरच्या ओळीतल्या ‘वामन’ने कवीला गाण्यापासून सुटू दिले नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सुमारे साडेपंधरा वर्षांत शाहीर आणि गायन पार्ट्या लढ्याबरोबर होत्या. नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी भीमगीतांचे कार्यक्रम होतात. हल्ली त्यांत ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतात.