कुशनकाम (जुन्या मोटारगाड्यांचे)

जुन्या मोटारगाडीच्या झिजलेल्या, बसलेल्या अथवा फाटलेल्या बैठका दुरुस्त करण्याचा किंवा बदलून देण्याचा व्यवसाय. विदर्भाच्या ग्रामीण भागात तो मुख्यतः तालुक्याच्या गावी, एस.टी. स्थानक आणि गॅरेजांच्या आसपास चालतो. काम करणाऱ्याला ‘कुशनवाला’ म्हणतात. जीपचा टप, ऑटोरिक्षाचे हूड आणि मोटारसायकलची सीट ही कामेही बहुधा त्याच्याचकडे असतात. प्रस्तुत नोंद चारचाकीपुरती आहे.

उगम : या व्यवसायाच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. त्याचा संबंध तीन जुन्या धंद्यांशी जोडता येतो : चर्मकाम व त्यातील टांग्याचे साजकाम, पिंजाऱ्यांचे गादीकाम आणि ताडपत्री-तंबूची शिलाई. हत्यारांवरून पाहता चर्मकामाचा दावा अधिक भक्कम दिसतो. कातडे कापायची रापी, भोक पाडायची आरी आणि मेण लावलेला दोरा हे कुशनवाल्याने जसेच्या तसे उचललेले आहे. पिंजाऱ्यांच्या बाजूने भरणाचा पुरावा दिला जातो. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून गादीला टाके घालतात, तसेच जुन्या मोटारींच्या बैठकीला उभ्या नळ्या पाडून प्रत्येक नळी वेगळी भरलेली असते. परंतु या नळ्या विलायती घोडागाड्यांच्या बैठकींवरही होत्या आणि मोटारी कारखान्यातूनच तशा येत. त्यामुळे हा पुरावा ग्राह्य धरणे कठीण आहे. पिंजाऱ्यांचा संबंध खरा असला, तरी तो कच्च्या मालाचा असावा. वऱ्हाडात रुई हाताशी होती आणि ती पिंजणारा माणूस गावोगाव होता, एवढे कारण त्याला पुरते.

काळाबाबतही सावधगिरी हवी. स्वातंत्र्यापूर्वी ग्रामीण भागातील मोटारी मालगुजार, कापसाचे मोठे व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांच्यापुरत्या मर्यादित होत्या. तेवढ्या गाड्यांवर तालुक्याच्या गावी स्वतंत्र धंदा उभा राहणे संभवनीय वाटत नाही. महिंद्र कंपनीने भारतात विलीज जीपची जुळणी १९४७ ते १९४९ च्या सुमारास सुरू केली. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर १९५७-५८ पासून, तर फियाट ११०० वर आधारलेली, पुढे प्रीमिअर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी १९६४ पासून बनू लागली. या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाऊन खेड्यात पोचेपर्यंत आणखी दहा-पंधरा वर्षे गेली असणार. खरा विस्तार प्रवासी जीपांमुळे, म्हणजे ‘काळी-पिवळी’मुळे झाला असे मानणे रास्त ठरेल.

रेक्झिन : आच्छादनासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या या पदार्थाच्या नावामुळे जुन्या वर्णनांत बराच घोटाळा आढळतो. ‘रेक्झिन’ ही मुळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळील हाइड येथे बनणाऱ्या कृत्रिम चामड्याची व्यापारी खूण होती. ते सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तयार करीत. आज त्याच नावाने विकला जाणारा माल जवळजवळ सर्व पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाचा असतो. दोन्हींचे गुणधर्म भिन्न आहेत. नायट्रोसेल्युलोज चटकन पेट घेते. पीव्हीसी स्वतः कडक असून, त्यात मिसळलेल्या तेलकट मृदुकारी द्रव्यामुळे ते लवचीक राहते. विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि काचा लावून उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील बैठक त्याहून कितीतरी अधिक तापते. या उष्णतेने मृदुकारी द्रव्य हळूहळू उडते किंवा खालच्या थरात उतरते. रेक्झिन आखडते, ताठर होते आणि शिवणीलगत चिरते. रॉकेल वा पेट्रोलच्या बोळ्याने सीट पुसण्याची सवय नुकसान वाढवते, कारण हे द्रव तेच मृदुकारी द्रव्य विरघळवून बाहेर काढतात. खोबरेल तेल चोळल्याने चमक येते. गेलेला मऊपणा परत येत नाही.

भरण : जुन्या बैठकीचे थर खालून वर असे असतात : लोखंडी सांगाडा, त्यावर गुंडाळी किंवा नागमोडी स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या किंवा कापूस आणि शेवटी आच्छादन. वऱ्हाडात गोणपाटाच्या जागी बाजार समितीतला जुना बारदाना सहज चालतो. हा थर बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तो फाटला की स्प्रिंग भरणात घुसते आणि वरचे नवे कव्हर वर्षभरात आतून कापले जाते. कापसाच्या भरणाचा दोष असा, की घामाने व ओलाव्याने त्याचे गठ्ठे होतात. तो काढून पुन्हा पिंजावा लागतो. सरकी नीट निघालेली नसेल तर उंदीर येतात. पूर्वेकडील झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या काही भागांत पाऊस पश्चिम विदर्भापेक्षा बराच जास्त असल्याने काथ्याला बुरशी धरते आणि स्प्रिंगा लवकर गंजतात.

लॅटेक्स रबराचा फेस घुसळून गादी बनवण्याची पद्धत डनलप कंपनीने १९२९ च्या सुमारास विकसित केली. त्यावरून फोमच्या कोणत्याही गादीला ‘डनलप’ म्हणण्याची रीत पडली. आज मिळणारा फोम मात्र पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेनचे रसायन ओट्टो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधले. मऊ फोम दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात बाजारात स्थिरावला. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पॉलिएस्टर प्रकार दमट हवेत पाण्यामुळे विघटित होतो. पॉलिईथर प्रकार ओलावा सोसतो, पण प्रकाश आणि प्राणवायूमुळे ठिसूळ होतो. जुन्या सीटखाली सापडणारा पिवळा भुगा हा अशा विघटनाचाच अवशेष होय.

फोमची प्रत ‘डेन्सिटी’वरून सांगतात. ‘३२ डेन्सिटी’ म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन ३२ किलोग्रॅम. घनता आणि कडकपणा एकच नव्हेत, हे दुकानात फारसे लक्षात घेतले जात नाही. हलका फोमही रासायनिक मिश्रण बदलून कडक करता येतो. तो नवेपणी भक्कम लागतो आणि काही महिन्यांतच बसतो. चालकाच्या सीटला ४० च्या आसपासच्या घनतेचा फोम, त्याखाली फोमचे तुकडे चिकटवून केलेल्या ‘बॉन्डेड’ फोमचा पातळ थर, ही जोडी अधिक टिकते. मागच्या बाकाला एवढ्याची गरज नसते.

झीज आणि दुरुस्ती : भारतात चालक उजवीकडे बसतो आणि उजव्या दारानेच चढतो-उतरतो, म्हणून त्याच्या सीटची उजवी कड सर्वांत आधी जाते. काळी-पिवळीत चालकाच्या उजव्या हातालाही एक प्रवासी बसवण्याची प्रथा असल्याने हा नियम तेथे लागू पडत नाही. तेथे सगळी सीट सारखीच झिजते. जीपच्या मागील आडव्या बाकांना स्प्रिंगा नसतात. प्लायवूडच्या फळीवर फोम चिकटवून रेक्झिन खिळ्यांनी ठोकलेले असते. तेथे बहुधा फळीच कुजलेली निघते.

दुरुस्तीत प्रथम सीट गाडीतून काढून कव्हर उसवतात आणि जुन्या तुकड्यांवरूनच नवे तुकडे बेततात. स्प्रिंग तुटली असल्यास ती बदलतात किंवा तारेने शेजारच्या स्प्रिंगला बांधतात. सर्वच स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर नायलॉनची नवार किंवा ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सांगाड्यावर ताणून विणतात. ट्यूबचा उपाय तात्पुरता म्हणून सांगितला जातो. पट्ट्या सारख्या ताणलेल्या असतील तर तो बरीच वर्षे चालतो. शिलाई जाड कामाच्या पायमशीनवर नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने करतात, कारण सुती दोरा घामाने कुजतो. टाका फार बारीक घेतल्यास रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखे भोकांच्या रेषेवर फाटते. नवख्याच्या कामाची ही हमखास खूण आहे. पायपिंग, म्हणजे कडेच्या शिवणीत बसवलेली गोल पट्टी, कडांवरची घासणी स्वतःवर घेते, त्यामुळे तिला केवळ शोभा समजून वगळणे बरोबर नाही.

बहुतेक गिऱ्हाईक मात्र फक्त कव्हर मागते. तयार कव्हर स्वस्त पडते आणि सीट नवी दिसते. भरण व स्प्रिंगा तशाच ठेवून वर चढवलेल्या कव्हराला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे. उलट, आधी सांगाडा आणि भरण नीट करून तूर्त जुनेच कव्हर पुन्हा चढवणे, हे चांगल्या कारागिराचे मत अधिक ग्राह्य वाटते. सीटवर टॉवेल टाकण्याची पद्धत सरकारी ॲम्बॅसडरमुळे रूढ झाली असे सांगतात; उन्हाळ्यात तापलेल्या रेक्झिनवर बसून पाहिलेल्यास तिच्यासाठी वेगळे कारण शोधण्याची गरज वाटणार नाही.

बदली : भंगारात निघालेल्या गाडीची सीट आणून बसवणे हा दुसरा मार्ग. ॲम्बॅसडरला पुढे एकसलग बाक असे. नंतरच्या काही आवृत्त्यांत दोन स्वतंत्र सीटा आल्या, आणि जुन्या गाडीतही तशा बसवून घेण्याची हौस दिसते. अडचण सरकपट्टीची आहे. दुसऱ्या मॉडेलच्या बोल्टांमधील अंतर जुळत नाही, म्हणून तळाच्या पत्र्याला नवी भोके पाडतात किंवा लोखंडी पट्टी वेल्ड करतात. पत्रा गंजलेला असेल तर खालून जाड पत्र्याचा तुकडा दिल्याशिवाय बोल्ट घट्ट करू नये. नाहीतर धडकेत सीट माणसासह सुटते. काही गाड्यांत सुरक्षा पट्ट्याचे (सीटबेल्टचे) कुलूप सीटच्या सांगाड्यालाच असते, तेथे सीट बदलणे म्हणजे पट्ट्याचा आधारच बदलणे होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत, त्यामुळे आसनसंख्या वाढवणारा जादा बाक नियमबाह्य ठरतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते. जुन्या गाडीची सीट अनेकदा त्याच सुमारास दुरुस्तीला येते. बहुतेक वेळा कापूस विकून पैसा हाती आल्यावर, दिवाळी आणि लग्नसराई यांच्या दरम्यान.

ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या सीटवर चालक स्वतःच पोते दुमडून बांधतो. ते काम कुशनवाल्याकडे क्वचितच जाते.