आदेशावर राज्यपालांचं नाव, मग फाइल राजभवनात का सापडत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं जमिनीचा नाहीतर शाळेच्या अनुदानाचा जुना आदेश घेऊन येतात. घड्यांवर फाटलेला कागद, आणि सहीच्या वर इंग्रजीत एक ओळ: मुंबईच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने. ती वाचून माहिती अधिकाराचा अर्ज थेट राजभवनाला (आता ‘लोकभवन’) जातो. महिन्याभराने उत्तर येतं, ‘माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.’

घटनेच्या कलम १६६ प्रमाणे सरकारचे आदेश राज्यपालांच्याच नावाने निघतात. सही सचिवाची, उपसचिवाची. फाइल त्या खात्याची. राजभवनाकडे मागायचं ते त्यांच्या कचेरीला आलेलं निवेदन किंवा तिथला पत्रव्यवहार. म्हणून आधी कागदाचा माथा वाचा: खातं, क्रमांक, तारीख. हे तीन अर्जात नसले की शोध लागत नाही. खाली ‘प्रत’ म्हणून बेळगावच्या कलेक्टरांचं नाव असेल, तर डीसी ऑफिसच्या (कर्नाटकातल्या कलेक्टर कचेरीच्या) रेकॉर्ड रूममध्येही विचारा.

मग तारीख. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याआधीच्या सचिवालयीन कागदांचा शोध मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारापासून, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरखान्यापासून सुरू करा. नंतरचं बेंगळुरूला. चंदगडकरांनो, तुमचा तालुका तेव्हा बेळगावातून निघून कोल्हापुरात गेला, म्हणजे तुमचं नंतरचंही मुंबईलाच.

माहिती अधिकाराचा अर्ज कुणीही नागरिक करू शकतो, कारण सांगावं लागत नाही. अडतं ते भाषेपाशी. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे. मुंबईला मराठी चालते, बेंगळुरूला नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अर्ज एवढ्यावरून परत येतो तेव्हा चीड येते. तरीही कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून लिहून घ्या. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. फी दोन्हीकडे १० रुपये, पण कोल्हापूरच्या पाव्हण्यांसारखा कोर्ट फी स्टॅम्प इकडे लावू नका. पोस्टल ऑर्डर जोडा.

मुदतीत फार जण फसतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर वाट बघत बसू नका. पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं लागतं.

आणि घरातला मूळ कागद कधीही पाठवू नका. झेरॉक्स लावा.