चारचौघांतली तक्रार

मुंबईत हल्ली पार्सल फुटकं आलं की माणूस आधी फोटो काढतो. मग कंपनीला टॅग करून तो एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, टाकतो. कस्टमर केअरला फोन लावायचा तो त्यानंतर, वेळ असेल तर. कंपनीचं उत्तरही पाठ झालंय : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया डीएम करा.’ म्हणजे खासगी मेसेज करा; चारचौघांत बोलू नका, आत या. या ओढाताणीला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा याच शहरात घडलाय.

सत्तरच्या दशकात आपण दुकानात गिऱ्हाईक होतो आणि सरकारी खिडकीसमोर अर्जदार. (मराठीत एखाद्याचं ‘गिऱ्हाईक करणं’ याला जो दुसरा अर्थ आहे, तो उगाच चिकटला नसावा.) टेलिफोन, गॅस, स्कूटर, सगळ्यालाच प्रतीक्षायादी. फोनसाठी जादा पैसे भरून ‘ओवायटी’त (‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत) नंबर लावला तरी वर्षं जायची. वस्तू मिळाली हेच ज्याला नशीब वाटतं, तो सेवेबद्दल कुरकुर कशी करणार? स्टेशनमास्तरांकडे तक्रारवही असायची, पण ती मागायलाही धीर लागे.

एकट्याच्या तक्रारीला किंमत नाही हे सर्वात आधी ओळखलं ते बायकांनी. १९६६ साली मुंबईतल्या नऊ महिलांनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ काढली. भेसळ आणि वजनमापातली फसवणूक हे तिचे पहिल्यापासूनचे विषय. पुढे १९७२चा दुष्काळ आला. तेल, साखर, रॉकेल महागलं, मिळेनासंही झालं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि लाटणी-थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा हा राजकारणाचा भाग होताच, पण मला तो ग्राहकांच्या तक्रारीचाही पहिला मोठा सार्वजनिक प्रयोग वाटतो. थाळीचा आवाज शेजारच्या चाळीतही ऐकू जायचा, आणि तो ऐकू जाणं हाच त्यातला मुद्दा होता.

१९७५च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायतीचं काम सुरू झालं. मागे बिंदुमाधव जोशी, आणि सोबत चक्क सुधीर फडके. गाण्यातला माणूस तूरडाळीच्या भावात लक्ष घालतो, याचं त्या काळात फारसं कुणाला नवल वाटलं नसेल. आज वाटतं. पंचायतीची रीत साधी : शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या किराण्याची एकत्र मागणी नोंदवायची, माल आला की कुणाच्या तरी घरी बसून आपापसांत वाटून घ्यायचा. डाळीत खडे निघाले तर ते एकट्या कुणाचे राहत नसत, अख्ख्या संघाचे होत.

कायदा आला तो या सगळ्यानंतर. ग्राहक संरक्षण कायद्यावर २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची मोहोर उमटली. राष्ट्रीय ग्राहक दिन त्याच तारखेला असतो. जिल्हा ग्राहक मंचापुढे वकिलाशिवाय उभं राहता येऊ लागलं. तीन महिन्यांत निकाल लागावा अशी अपेक्षा कायद्यातच लिहिलेली आहे. ज्यांनी मंचाच्या तारखा मोजल्यात, त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

मग नव्वदीत वारं फिरलं. १९९५ साली मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएलचे मोबाइल आले. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या फोनचेही पैसे. त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. बँका, विमा, मोबाइल सगळीकडे स्पर्धा आली, प्रतीक्षायाद्या गेल्या, आणि काउंटरच्या जागी आलं कॉल सेंटर. मालाडच्या माइंडस्पेसमध्ये मराठी, गुजराती, मल्याळी पोरं रात्री अमेरिकन नावं घेऊन तिकडच्या क्रेडिट कार्डांची गाऱ्हाणी ऐकू लागली. इकडच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला आलं ते ‘एक दाबा, दोन दाबा’. मराठीसाठी कुठलं बटण, हा वाद तर अजून मिटलेला नाही.

वरवर पाहता सोय झाली. रांग संपली, पंखे बंद असलेल्या ऑफिसात ताटकळणं संपलं. पण रांगेबरोबर रांगेतली माणसंही गेली. पूर्वी खिडकीवरचा बाबू खेकसला तर मागचे चारजण ‘ओ साहेब, नीट बोला की’ म्हणायचे. आता एका कानात संगीत वाजतंय आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे ऐकणारे आपण एकटेच. तक्रार क्रमांक मिळतो, साक्षीदार मिळत नाही. कंपन्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, पण त्यांना ते अडचणीचं नक्कीच ठरलं नाही.

साक्षीदार परत आणून दिले ते ट्विटरने. २००६ साली सुरू झालेल्या या माध्यमावर गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सोडवणाऱ्यांत अमेरिकेतली कॉमकास्ट ही केबल कंपनी पहिल्या काहींपैकी एक. तिने २००८मध्ये त्यासाठी वेगळं खातंच उघडलं. आपल्याकडे याची गोडी लावली ती रेल्वेने. राजापूरचे माजी खासदार सुरेश प्रभू २०१४च्या नोव्हेंबरात रेल्वेमंत्री झाले आणि धावत्या गाडीतल्या बाळाला ट्वीटवरून दूध पोचल्याच्या बातम्या येऊ लागल्या. डिसेंबर २०१५मध्ये मुंबई पोलिसांचं खातं सुरू झालं. त्याच्या कोट्यांवर लोक हसले आणि चुकीच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांचे नंबर प्लेटसकट फोटोही पाठवू लागले. लोकलच्या डब्यातला बंद पंखा, नाक्यावरचा खड्डा, हॉटेलच्या बिलातला सेवाशुल्क, सगळं भिंतीवर लागलं.

ही थाळी मात्र सगळ्यांच्या हाती नाही. इंग्रजीत नेमकं लिहिता येणाऱ्याला आणि हजारो फॉलोअर असलेल्याला तासाभरात फोन येतो. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला तिसऱ्यांदा खेपा घालणाऱ्या बाईला येत नाही. लाटणं मोर्चात घोषणा मराठीत होत्या आणि लाटणं प्रत्येक घरात होतं.

कायदाही मागून धावतोय. नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला : ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

गर्दी आली की पाकीटमार येणारच, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. कुणी बँकेला टॅग करून चिडून लिहिलं, की काही मिनिटांत हुबेहूब लोगो लावलेलं खातं उत्तर देतं : रिफंडसाठी हा फॉर्म भरा, हे ॲप घ्या. ॲप आपली स्क्रीन भामट्याला दाखवतं, बँकेतलं खातं रिकामं होतं. गुगलवर कस्टमर केअर शोधावं तर तिथेही बनावट नंबर पेरलेले. २०२३मध्ये एक्सने खरी खाती ओळखू येण्यासाठीच्या जुन्या निळ्या खुणा काढल्या आणि पैसे भरणाऱ्याला त्या मिळू लागल्या, तेव्हापासून खरं खातं ओळखणं आणखी अवघड झालंय. अशी फसवणूक झाली तर लावायचा नंबर १९३०, आणि तो जितका लवकर लावाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी गॅस एजन्सीचा नंबर विचारला. दोन मिनिटांत तीन वेगवेगळे नंबर आले. तळमजल्यावरच्या काकूंनी एकच ओळ टाकली : ‘मागच्या सिलिंडरची पावती काढ, त्यावर छापलाय तोच लाव.’