दव गवतावर गोठतं, गाडी डांबरावर चालते

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे वेण्णा लेकच्या काठावर दव गोठतं, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर जमतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात महाबळेश्वरच्या हिमकणांची बातमी येते. मग साताऱ्यात गाडी घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी, घोळायला लागते. थंडीत एखादी महाबळेश्वरची चक्कर आणि जमलंच तर आयुष्यात एकदा मनाली किंवा गुलमर्ग, एवढ्यासाठी काही लाख जादा मोजायचे का? माझ्या मते नाही. त्यातला थोडा भाग चांगल्या टायरवर घालावा, बाकीचे वाचवावेत.

आधी ते हिमकण पाहू. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडत राहते. गवताचं पातं किंवा गाडीचा पत्रा पातळ, त्यात उष्णतेचा साठा तो किती! त्यामुळे माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर हवेचं तापमान 4-5 अंश असलं, तरी पात्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असतो. डांबराचं तसं नाही. दिवसभर तापलेला जाड थर आणि त्याखालची जमीन रात्रभर उष्णता वर पुरवत राहतात. म्हणून काठावरचं गवत पांढरं होतं आणि शेजारचा रस्ता फार तर ओलसर राहतो. पुलाला मात्र खालून जमिनीची ऊब नसते, तो लवकर गार पडतो.

म्हणजे आपल्या घाटात बर्फाची भीती नाही. पण थंडीचा परिणाम टायरच्या रबरावर होतोच, आणि तो बर्फ पडायच्या बऱ्याच आधी सुरू होतो. नैसर्गिक रबर काचेसारखं ठिसूळ व्हायला उणे 70 अंशांच्या आसपास तापमान लागतं. मग युरोपात 7 अंशांखाली हिवाळी टायर लावा असं का सांगतात? कारण रबराची पकड नुसत्या तापमानावर ठरत नाही, वेळेवरही ठरते. चाक फिरताना टायरचं रबर डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर सेकंदाला हजारो वेळा दाबलं जातं आणि सुटतं. रबराच्या लांबलचक रेणूंना त्या टोकांभोवती वळायला, सरकायला सवड हवी. एवढ्या घाईत ती मिळत नाही, आणि रबर आहे त्यापेक्षा कितीतरी थंड असल्यासारखं, म्हणजे ताठर वागतं. त्यात खरोखरची थंडी मिसळली की नेहमीचं टायर खडीच्या खाचांत शिरायचं सोडून तिच्यावरून घसरायला लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण म्हणूनच मऊ ठेवतात, त्यात सिलिका जास्त घालतात आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा पाडतात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह त्याच्या कडेवर असतं. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नये. ते नक्षीबद्दल सांगतं, बर्फावरच्या चाचणीबद्दल नाही.

आणि हेच मऊ टायर मे महिन्यात साताऱ्याच्या 38-39 अंशांत भराभर झिजेल, ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त पुढे नेईल. तेव्हा हिवाळी टायर आपल्यासाठी नाहीत. आपल्याला हवेत ते ताज्या रबराचे, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे साधे टायर. ताजेपणा कडेवरच्या चार आकड्यांत कळतो: 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. गाडी कमी फिरते, नक्षी शाबूत आहे, म्हणून टायर चांगले, असं समजणारे पुष्कळ भेटतात. उन्हात उभं राहून आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबर कडक होतच असतं. गोटा झालेलं टायर निदान डोळ्यांना दिसतं, कडक झालेलं दिसत नाही.

टायर रस्त्याला टेकतं किती, याचा हिशेब सोपा आहे. 1,100 किलोची गाडी आणि 33 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा धरली, तर प्रत्येक चाकाखाली सुमारे 120 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढी जागा येते. वजन आणि हवेचा दाब तेच राहिले तर ही जागाही साधारण तेवढीच राहते. म्हणून हौसेनं रुंद टायर घातल्यानं पकड दुप्पट होत नाही, त्या जागेचा आकार फक्त आडवा होतो. साचलेल्या पाण्यावर आणि भुसभुशीत बर्फावर तर रुंद टायर वर तरंगायला बघतं. कंपनीनं दिलेलं माप बरं.

हवेचं आणखी एक. दुपारी 30 अंशांत साताऱ्यात 33 पीएसआय भरलेली हवा पहाटे 5 अंशांत जवळजवळ 4 पीएसआयनं उतरते. महाबळेश्वर साताऱ्याहून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथं बाहेरचा दाब कमी असल्यानं त्यातला एखादा पीएसआय गेजवर परत मिळतो. उरलेली तीनची घट पंक्चर नसतानाही दिसते, तेव्हा घाट उतरण्याआधी थंड टायरवर हवा तपासावी.

आता गाडी. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन दिसायला दणकट, पण इंजिनाची ताकद जाते ती पुढच्या दोनच चाकांना. त्यात वाईट काही नाही. इंजिनाचं वजनही त्याच चाकांवर असतं, त्यामुळे निसरड्या चढावर ती बरी ओढतात. फोर बाय फोरचा उपयोग निघताना आणि चढताना. ब्रेक मात्र कुठल्याही गाडीला चारही चाकांवर असतात. ताशी 40 किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी कोरड्या डांबरावर साधारण 8 मीटरवर थांबते, दाबलेल्या बर्फावर 30 मीटरवर आणि काचेसारख्या बर्फावर 60 मीटरच्याही पुढे. तिथं महागडी गाडी आणि साधी हॅचबॅक सारख्याच असहाय. एबीएस (जोराचा ब्रेक लागला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. वळणावर गाडी सावरणारं ईएससी मात्र विचारून घ्यावं. सनरूफपेक्षा ते कधीही मोलाचं. काचेवरचं धुकं घालवणारा एसी आणि मागच्या काचेचा डिफॉगर पसरणी घाटाच्या धुक्यात रोज कामाला येतात.

मनाली-गुलमर्गचा बर्फ याहून वेगळा. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, कडाक्याच्या थंडीत नव्हे. पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो, हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं 1850 मध्येच सुचवलं होतं. म्हणून दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठणारा रस्ता सगळ्यात वाईट. बर्फ पडल्यावर गुलमर्गच्या वाटेवरच्या टंगमर्गच्या वर किंवा मनालीपुढच्या अटल बोगद्याच्या दिशेनं फोर बाय फोर किंवा साखळी लावलेली गाडीच सोडतात. साखळ्या भाड्यानं मिळतात. त्या ताकद जाणाऱ्या चाकांना लावायच्या, म्हणजे आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे. वेग ताशी 30-40 च्या आत ठेवायचा आणि डांबर लागलं की लगेच काढायच्या, नाहीतर साखळीही जाते आणि टायरही. याहून स्वस्त आणि शहाणपणाचं म्हणजे आपली गाडी खाली लावून तिथल्याच ड्रायव्हरची गाडी करणं.